डेझीची चुलत बहीण

डेझी लावायची हौस मला एका कॅलेंडरमुळे लागली. उंच झाडे, पांढऱ्याशुभ्र पाकळ्या, मध्ये पिवळा गोंडा. "एकदा लावा, पुढे आपोआप येत राहते," असे रोपवाल्याने सांगितले आणि माझ्यातला आळशी माणूस विरघळला. ही शास्ता डेझी ल्यूथर बरबँक नावाच्या अमेरिकन गृहस्थाने संकर करून १९०१ साली बाजारात आणली. नाव ठेवले एका बर्फाळ डोंगराचे. आता बर्फाच्या माहेरची बाई नागपूरच्या मे महिन्यात काय टिकणार? आम्ही वाळ्याच्या कूलरपुढे बसून होतो, ती अंगणात वारली.

पहिल्या पावसात मात्र त्याच वाफ्यात एक रोप उगवले. आपोआप! पाने जरा गाजरासारखी होती, फुले तर अगदीच चिमुकली, पण पांढरी. "पहिल्या वर्षी लहानच येतात," मी सौ.ला अधिकारवाणीने सांगितले. शेणखत घातले, काठीचा आधार दिला. झाड छातीला लागले. तेवढ्यात शेजारचे काकाजी कुंपणावरून म्हणाले, "गाजर गवताले पाणी देऊन राहिले का भाऊ?"

हे गवत परदेशी गव्हातून आले म्हणतात. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात आढळले, हे नागपूरकर या नात्याने मी मुद्दाम नमूद करतो.

लाज वाटली ती वाटलीच. पण दीड महिना मी प्रेम केले ते कोणावर? झाड तर तेच होते, फक्त नाव बदलले. शिवाय दोघी सूर्यफुलाच्याच कुळातल्या. बरबँकने डेझी काढताना जी रानडेझी वापरली, तिलाही अमेरिकेतल्या काही राज्यांत तण म्हणून उपटतात. मग माझ्या वाफ्यात मला आवडते ते मी का ठेवू नये? वकिली चांगली जमली होती. पण काकाजींच्या नातीला दमा आहे. रात्री तिचे खोकणे आमच्या खिडकीतून ऐकू येते, आणि या गवताच्या परागांनी दमा उठतो. एकेका झाडाला बी हजारांनी धरते, आणि कुंपण आहे ते फक्त मला.

दुधाच्या पिशव्या हातांत चढवून मी झाड उपटले. मुळाशी माझेच शेणखत होते. उशीरच झाला होता म्हणा. फुलण्याआधी उपटायला हवे होते. पंधरा दिवसांत वाफ्यात सतरा रोपे आली. काकाजींच्या तुळशीजवळ नऊ. ती त्यांनी गुपचूप उपटली. मला अजून एका शब्दाने बोललेले नाहीत.