छडी आणि शिस्त

नागपुरातले माझे शिक्षकमित्र म्हणतात, "छडी गेली अन् शिस्त गेली." मी विचारतो, छडी होती तेव्हा शिस्त होती की नुसतं भेव? साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमाला वेगळ्या गोणपाटावर बसावं लागे. वर्ग शांतच असेल. त्या शांततेला शिस्त म्हणायचं काय?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं मारासोबत मानसिक छळालाही बंदी घातली. म्हणजे "स्कॉलरशिपवाले उभे राहा" हा टोमणाही त्यात आला. एका वर्गात साठ पोरं कोंबली की गुरुजींचाही जीव जातो, कबूल. पण त्याचा जाब सरकारला विचारा. पोराच्या पाठीवर काढू नका.

१४ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपुरात लाखो माणसं एका आवाजात प्रतिज्ञा बोलली. ती शिस्त छडीनं नाही, स्वाभिमानानं आली. वर्गात तीच पाहिजे.