गाडलेले आणि जपलेले

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात अलामोगोर्डो नावाचे एक लहानसे वाळवंटी शहर आहे. १९८३ च्या सप्टेंबर महिन्यात या शहराच्या कचराडेपोत काही ट्रक एकामागून एक रिकामे झाले. त्यांतील माल सडका नव्हता, विषारीही नव्हता. अटारी या त्या काळच्या बलाढ्य कंपनीची व्हिडिओ गेमची कार्ट्रिजेस आणि खेळयंत्रे त्यांत होती. बाजार कोसळला होता, माल खपत नव्हता. आणि न खपणाऱ्या मालाला गोदामात जागा देणेही व्यापाऱ्याला परवडत नाही. खड्ड्यात लोटलेला तो माल चिरडण्यात आला आणि पुन्हा कोणी उकरू नये म्हणून त्यावर काँक्रीट ओतण्यात आले.

त्यानंतर ३० वर्षे लोटली. २६ एप्रिल २०१४ रोजी तोच खड्डा पुन्हा उकरण्यात आला, आणि या वेळी ते पाहण्यासाठी दूरदूरहून लोक जमले होते. सुमारे १,३०० कार्ट्रिजेस बाहेर काढण्यात आली. १९८२ च्या नाताळचा बाजार गाठण्यासाठी जेमतेम पाच आठवड्यांत घाईघाईने तयार केलेला आणि सपशेल फसलेला 'ई.टी.' हा खेळही त्यांत होता. त्यांतील एक कार्ट्रिज आज वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात आहे. इतर अनेकांचा लिलाव झाला आणि त्यातून एक लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली.

वस्तू तीच. ती गाडली तेव्हा कचरा होती; उकरली तेव्हा ठेवा झाली. मधल्या काळात तिच्यात काही सुधारणा झाली म्हणावे, तर उलट ती चेपली, मळली आणि तिला कचऱ्याचा वास लागला. मग बदलले ते काय? आणि ज्यांना आपण जुन्या वस्तूंचे वेड म्हणतो, ते खरोखर वेड आहे की आपण विसरलेले एखादे कर्तव्य? हा प्रश्न दूरच्या वाळवंटातला वाटेल. परंतु तो आपल्या प्रत्येकाच्या घराच्या माळ्यावर धूळ खात पडलेला आहे, असे आम्हांला वाटते.

या वेडाची व्याप्ती प्रथम ध्यानी घ्यावी. घरातील दूरदर्शन संचाला जोडून खेळण्याचे पहिले यंत्र, मॅग्नाव्हॉक्स कंपनीचे 'ओडिसी', १९७२ साली बाजारात आले. त्याचे जनक राल्फ बेअर हे नाझी राजवटीतून निसटून अमेरिकेत आलेले जर्मन ज्यू गृहस्थ होते. त्या यंत्राला पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांपलीकडे फारसे काही दाखविता येत नसे. म्हणून मैदान, घर, डोंगर असे रंगीत चित्र छापलेला पारदर्शक प्लास्टिकचा ताव मुलांनी पडद्यावर लावायचा, अशी योजना होती. १९७७ च्या अटारी यंत्राची तात्पुरती स्मृती अवघी १२८ बाइट होती. या एका परिच्छेदाची अक्षरेही तीत मावणार नाहीत. अशा यंत्रांसाठी जगभर माणसे आज जुने बाजार धुंडाळतात, ती स्वच्छ करतात, दुरुस्त करतात, पुन्हा चालवितात.

जुन्या यंत्राची दुरुस्ती हे सोपे काम नव्हे. आतील कपॅसिटर कालांतराने पाझरतो आणि त्याचा द्रव पट्टीवरील तांब्याच्या रेघा खाऊन टाकतो. करड्या-पांढऱ्या प्लास्टिकचा रंग उजेडाने आणि वयाने पिवळट पडतो. खेळात कोठवर मजल गेली याची नोंद काही कार्ट्रिजेसमध्ये एका लहानशा बॅटरीवर तग धरून असते. बॅटरी संपली की नोंद पुसली जाते. शिवाय एखादे यंत्र एकटे जगत नाही. त्या काळची पडद्यावर नेम धरण्याची खेळातली बंदूक आजच्या सपाट दूरदर्शन संचासमोर निकामी ठरते. तिला काचेच्या जाड नळीचा जुना संचच लागतो. म्हणजे एक वस्तू जपावयाची तर तिचे सोबतीही जपावे लागतात.

आता ज्या प्रकारे या वस्तू जपल्या जातात, त्यांत आम्हांला एक मोठा फरक दिसतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स' या १९८५ च्या खेळाची एक प्रत २० लाख डॉलरना विकली गेली. तिचे वैशिष्ट्य कोणते? ती कधीच उघडली गेली नव्हती. कोणा मुलाचा हात तिला लागला नव्हता. ती खेळली गेली नाही, म्हणूनच तिला मोल आले. आणि मोल आले म्हणून ती यापुढेही कोणी खेळणार नाही. धन्याने दिलेली ठेव जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दाखला आपण शुभवर्तमानात ऐकतो. तो दास चोर नव्हता. त्याने ठेव जशीच्या तशी, एक पैही कमी न करता परत केली होती. तरीही धनी त्याच्यावर रागावला. अलामोगोर्डोचा खड्डा आणि लाखो डॉलरची ती काचबंद पेटी यांच्यात आम्हांला म्हणूनच फारसे अंतर वाटत नाही. एकीकडे तुच्छतेने गाडलेले आहे, दुसरीकडे लोभाने. दोहोंकडे वस्तू मुकी झालेली आहे.

याउलट संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तीत कोठाराच्या कारभाऱ्याला एक विलक्षण सूचना आहे. मठातील सारी भांडीकुंडी आणि अवजारे त्याने वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे लेखावीत, असे ते सांगतात. कुदळ आणि मिस्साबलीचे पात्र एकाच आदराने हाताळायचे! आणि त्याच नियमावलीत, कोणत्याही वस्तूला कोणी 'माझी' म्हणू नये, असाही दंडक आहे. जपणे आणि मालकी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, नव्हे, मालकीचा सोस सुटला की जपणे अधिक शुद्ध होते, हे त्या संताने ओळखले होते. विश्वस्ताची वृत्ती म्हणतात ती हीच.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. जगात माणसे उपाशी असताना जुन्या खेळण्यांवर वेळ आणि पैसा घालवावा काय? कसर आणि जंग यांच्या तडाख्यात सापडणारी संपत्ती साठवू नका, असे प्रभूने बजावलेले नाही काय? होय, बजावले आहे. आणि पाझरणारा कपॅसिटर ही आपल्या काळातली जंगच आहे. कितीही जपले तरी ही यंत्रे एक दिवस बंद पडणार. जो आपले मन त्यांत गुंतवील, त्याचे मनही त्यांच्याबरोबर गंजेल. संग्रहाच्या नादात घरची माणसे दुरावल्याची उदाहरणे कमी नाहीत. तेव्हा हा आक्षेप आम्ही खोडून काढीत नाही. तो प्रत्येक संग्राहकाने आपल्या कपाटावर लिहून ठेवावा.

परंतु त्याच प्रभूने पाच हजारांना जेवू घातल्यावर, काही वाया जाऊ नये म्हणून उरलेसुरले तुकडे गोळा करावयास शिष्यांना सांगितले होते. ज्याच्यापाशी भाकरीची वाण नव्हती, त्यानेच तुकड्यांची चिंता वाहिली. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील चौथा हिस्साही रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद नाही. उरलेला कोठे जातो? बराचसा गरिबांच्याच वस्तीत. तेथे तांब्यासाठी तारा जाळणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांत. २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी वस्तू फेकण्याची आणि माणसे फेकण्याची सवय एकाच मुळातून येते असे सुचविले, ते याच अनुभवावरून. तेव्हा दुरुस्त करून वापरणे हे गरिबांच्या विरोधात जात नाही. अट एकच : जपलेली वस्तू कोणाच्या तरी उपयोगी पडावी.

ही अट आम्ही पुस्तकात वाचली नाही. ती आम्हांला घरातच, जरा महाग पडून, शिकावी लागली.

आमचे वडील १९८० च्या दशकात आखातात नोकरीला होते. आपल्या किनारपट्टीच्या गावांतील अनेक घरांची ही कहाणी आहे. सुट्टीवर येताना त्यांनी एक टू-इन-वन आणला होता. पुढे कोणी गाववाला रजेवर येऊ लागला की वडील त्याच्या हाती पत्राऐवजी कॅसेट पाठवीत. आईला वाचनाची सवय नव्हती. तिला कॅसेट सोयीची वाटे. संध्याकाळी माळ झाली की ती ऐकली जाई. वडील वारले तेव्हा त्या कॅसेटी आईने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. टू-इन-वन बिघडला होता. एका नाताळच्या साफसफाईत आम्ही तो भंगारवाल्याला देऊन टाकला. आईने विचारले तेव्हा, "आता कॅसेट कोण ऐकतो?" असे आम्ही म्हणालो. ती काही बोलली नाही. डबा मात्र तिने टाकू दिला नाही.

आई गेल्यावर काही महिन्यांनी तो डबा आम्ही उघडला. यंत्र कोठेच मिळेना. शेवटी जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि व्हिडिओ गेम जमविणाऱ्या एका तरुणाचा पत्ता लागला. लोक त्याला हसत. आम्हीही हसलो होतो. त्याने एक टेपरेकॉर्डर काढला. आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकट झाला होता. तो त्याने खरवडून काढला, नवा बसविला, चक्रे पुसली आणि आमची कॅसेट आत सरकविली. थोडी खरखर झाली, आणि आमच्या गावच्या बोलीत वडील बोलू लागले. पावसाआधी कौले चाळून घ्या. मुलांची फी वेळेवर भरा. माळ चुकवू नका. इतकेच. मग थोडा वेळ ते नुसतेच थांबले होते. टेप फिरत होती, आणि त्यांचा श्वास ऐकू येत होता.

त्या तरुणाने आम्हांला त्या आवाजाची नवी प्रत करून दिली. पैसे घेतले नाहीत. आज ते बोलणे घरातील सर्वांच्या फोनमध्ये आहे. म्हणजे यंत्र गेले तरी आता चालेल, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. वस्तू हे शेवटी वाहनच आहे. परंतु ते वाहन वेळेवर जागेवर नव्हते, म्हणून जिच्यासाठी तो आवाज पाठविला होता, तिलाच शेवटची कित्येक वर्षे तो ऐकायला मिळाला नाही. त्या तरुणाने ज्या वस्तू मोठ्या काळजीने सांभाळल्या, तशीच एक आम्ही किलोच्या भावाने विकली होती. प्रायश्चित्त-संस्काराच्या वेळी आपण पापांची यादी आठवतो, तीत हे कधी बसत नाही. तरीही ते बोचते.

म्हणून मोडके ते सारे साठवा असा आमचा सल्ला नाही. माळा रिकामा करण्याचा अधिकार घराला आहेच, आणि जे खरोखर निकामी झाले ते योग्य ठिकाणी द्यावे. एवढेच सुचवावेसे वाटते : यंदा नाताळची साफसफाई करताना जुने यंत्र हाती आले, तर त्याला बाजारात किती मिळतील हे विचारण्याआधी घरातील म्हाताऱ्या माणसाला हाक मारावी. त्यात अडकलेले काही तिला ऐकायचे आहे का, पाहायचे आहे का, एवढे विचारावे. ती नको म्हणाली तर हरकत नाही. परंतु ती गप्प राहिली, तर ते यंत्र तूर्त तेथेच राहू द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त करणारा माणूस शोधावा.