घोटे धरणारे हात

आरामात बसा. पाठ टेकली तरी चालेल. ज्यांच्यासोबत डोंगरात एक रात्र काढावीशी वाटते, अशा दोन-तीन मित्रमैत्रिणींचे चेहरे एकेक करून डोळ्यांसमोर आणा. घाई नको. एखादा चेहरा लगेच येईल, एखादा जरा रेंगाळत येईल. जो रेंगाळत आला, त्याच्यापाशी थोडं जास्त थांबा.

आता त्यांच्यासोबत हरिश्चंद्रगडावर चला. डिसेंबरचे दिवस आहेत. पाचनई गाव मागे टाकून तुम्ही कड्याच्या पोटाखालून जाणारी वाट धरली आहे. भांडं एकाच्या सॅकमध्ये, तांदूळ-डाळ दुसऱ्याच्या, काडेपेटी तिसऱ्याच्या. कुणीही मागे राहिलं तर आज खिचडी नाही. मागच्याच्या बुटांचा आवाज येतोय का, याकडे कान द्या. तो थांबला की तुम्हीही थांबता. कुणी कुणाला काही सांगत नाही.

हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाजवळ सॅक टेकवा आणि खाली केदारेश्वराच्या गुहेत उतरा. मोठं शिवलिंग, भोवती कमरेपर्यंत पाणी. चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ या गडावर लिहिला असं सांगतात. ते इथे चिंतनाला बसले असतील. तुम्ही प्रदक्षिणेला पाण्यात उतरा. पहिलं पाऊल टाकताच थंडी पोटरीत शिरते. दुसऱ्या पावलाला श्वास अडकतो. तळ दिसत नाही. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवा. तो पायानं तळ चाचपतो, ‘इथे खड्डा आहे, डावीकडून ये’ म्हणतो, आणि तुम्ही डावीकडून जाता. स्वतः तपासून पाहत नाही. इथेच मनानं जरा थांबा. शेवटचं कधी तुम्ही कुणाचं म्हणणं असं, पडताळून न बघता, पावलाखाली घेतलं होतं?

उत्तर लगेच मिळायला हवं असं नाही. श्वास सोडा आणि पुढे चला.

उन्हं कलताना कोकणकड्यावर पोहोचा. हा कडा आतल्या बाजूला खोल वळलेला आहे. काठावर उभं राहून त्याचा तळ दिसत नाही, आणि खालून येणारा वारा उभं राहूही देत नाही. म्हणून पालथं पडायचं. छाती कातळावर टेकवा. दिवसभर तापलेला दगड शर्टातून पोटाला उबदार लागतो. कोपरांवर सरकत डोकं कड्याबाहेर काढण्याआधी मागे वळून म्हणा, ‘धर रे.’ दोन हात तुमचे घोटे पकडतात. बोटांची पकड नीट जाणवू द्या. उजवा हात थोडा जास्त घट्ट आहे. आता खाली बघा. कोकण खोल खाली पसरलंय, वारा गालावर आपटतोय, आणि पोटात खड्डा पडलाय. भीती गेलेली नाही, तरी तुम्ही बघू शकताय. एवढ्यापुरतं शरीर दुसऱ्याच्या हवाली केलं आहे.

आपण बहुतेक जण विश्वास म्हणजे स्वतः भरवशाचं असणं, एवढंच धरून चालतो. वेळेवर पोहोचणं, उसने पैसे परत करणं, दवाखान्यात रात्रभर बसणं. ते मोलाचंच आहे. पण माझं मत असं की मैत्री खोल जाते ती ‘धर रे’ म्हणण्यानं. घोटे धरणं त्यामानानं सोपं. धरायला सांगणं अवघड. कायम मदत करणारा माणूस मित्रांना एका अंतरावर ठेवतो, आणि त्याच्या चांगुलपणामुळे ते अंतर कुणाच्या लक्षातही येत नाही. घराघरांत अशी माणसं आहेत. कदाचित तुम्हीच त्यांतले एक असाल.

रात्र होऊ द्या. खिचडी थोडी करपली आहे, तरी भांडं चाटूनपुसून साफ झालंय. तंबूत दाटीवाटीनं पडलात. थंडीनं कापडावर दव धरलंय, कुणाचं तरी कोपर बरगडीत रुततंय. अंधारात तोंडं दिसत नाहीत, म्हणून बोलणं सैल होतं. नोकरीतली धास्ती, आईचं आजारपण, लग्नातला अबोला. कुणी सल्ला देत नाही, ‘मग?’ एवढंच विचारतं. बाहेर पाचोळा वाजतो. एक जण टॉर्च घेऊन उठतो, बघून येतो, ‘काही नाही, झोपा’ म्हणतो. तुम्ही खरंच झोपता.

या झोपेपाशी शेवटचं थांबा. सुरुवातीला आणलेले चेहरे पुन्हा बघा आणि प्रत्येकापाशी विचारा: याला मी आजवर धरू दिलंय का? ज्याच्यापाशी उत्तर ‘नाही’ आलं, त्याचं नाव मनात नीट उच्चारा.

डोळे उघडा. हिवाळ्यात गडावर जाणार असाल तर मुक्कामाबाबत वनखात्याचे नियम आधी विचारून घ्या. हा गड अभयारण्याच्या हद्दीत येतो. पण तोवर थांबू नका. ज्याचं नाव उच्चारलंत त्याला आजच फोन करा, आणि या वेळी त्याची विचारपूस करून फोन ठेवू नका. तुम्हाला काय जड झालंय, ते त्याला सांगा.