आधी रियाजाचा हिशेब दे

बस. दार लोटून घे. काल सगळ्यांसमोर ‘संगीतात काही स्कोप नाही’ म्हणालास, तेव्हा मी गप्प राहिले. समोर पहिल्या वर्षाची मुलं होती, आणि त्यातल्या दोघी घरच्यांशी भांडून इथं आल्या आहेत. आज तू एकटा आहेस. आता नीट ऐकून घे.

पुढं काय, ही तुझी काळजी खोटी नाही. प्राध्यापकांच्या कायम जागा क्वचित निघतात, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात, हे मला ठाऊक आहे. तुझ्या आईवडिलांच्या जिवाला घोर लागला असेल तर त्यांचं काहीच चुकत नाही. मला राग आहे तो या काळजीच्या आडून तू वर्षभर रियाज टाळतो आहेस, याचा.

गेल्या आठवड्यात तानपुरा लावायला सांगितला, तर खिशातून मोबाइल काढलास. तो मी बाजूला ठेवायला लावला. मग काय झालं? पंचम उतरलेला, जोडाच्या तारा एकमेकींशी जुळेनात, खर्जाची जवारी पार बसलेली. मणी जरा सरकवून पाहावा, जवारीचा दोरा हलवून पाहावा, हे तुला सुचलंच नाही. नुसती खुंटी पिळत राहिलास. तबलजी हातोडी हातात धरून ताटकळत बसला. शेवटच्या वर्षाच्या गायकाला हे शोभतं का? मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्यांना आनंदानं सांगत सुटला होतास. मग तिथल्या कारागिरासमोर बसून जवारी कशी काढतात, हे बघून यावंसं का वाटलं नाही?

स्कोप विचारतोस, तर मला सांग, आकाशवाणीच्या ऑडिशनचा अर्ज कधी वाचलास? बी, बी हाय, ए, टॉप या श्रेण्या तुला पाठ आहेत. पण अर्जासोबत रागांची यादी द्यावी लागते. यमन, भूप, बागेश्री सोडले तर न अडखळता मांडता येतील असे किती राग तुझ्याकडं आहेत? सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे. दोन वर्षं, महिना ५,००० रुपये, वयाची अट १८ ते २५. तुला तेविसावं सरत आलं आणि तिचं नावही माहीत नव्हतं. नेट द्यायची म्हणतोस. त्यासाठी पदव्युत्तरला ५५ टक्के हवेत, आणि परवा भातखंड्यांच्या दहा थाटांवर तुला चार वाक्यं धड बोलता आली नाहीत.

आणि मंचावर मधोमध बसून गाणं एवढंच काम असतं, हे तुला कुणी सांगितलं? संवादिनीची चांगली साथ करणारा माणूस शोधता शोधता आयोजकांच्या नाकी नऊ येतात. शाळेच्या वर्गात पन्नास मुलांना एका सुरात आणणं, परदेशातल्या मुलीला ऑनलाइन शिकवताना आवाज मागं पडतो म्हणून तिच्या हातानंच ताल धरवून घेणं, संगीत नाटकाच्या तालमीत नटाचा गळा ओळखून पद त्याच्या पट्टीत बसवून देणं, जुन्या ध्वनिमुद्रणावरून बंदिश अचूक लिपीबद्ध करणं, या सगळ्याचे पैसे मिळतात. थोडे मिळतात, कधी उशिरा मिळतात, पण मिळतात. आणि यातलं एकही काम कच्च्या सुराच्या माणसाला कुणी देत नाही.

नोकरी करायची असेल तर खुशाल कर. वसंतराव देशपांडे वर्षानुवर्षं लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरी करत गायले. बँकेची परीक्षा दे, मी आडवी येणार नाही. पण जाताना दोष गाण्याच्या माथी मारून जाऊ नकोस. ते मी खपवून घेणार नाही.

तुझा खर्ज चांगला आहे. असा भरदार मंद्र या वर्गात दुसऱ्या कुणाचा नाही, म्हणून तर इतका जीव तुटतो माझा.

उद्या सकाळी साडेसहाला ये. येताना रागांची यादी कागदावर लिहून आण, खरोखर येतात तेवढेच राग लिही. आणि शनिवारी वडिलांना घेऊन ये. तुला आणखी एक वर्ष द्यावं, असं मी त्यांना सांगणार आहे. त्या वर्षात रोज काय करणार, ते मात्र त्यांच्यासमोर तू स्वतः सांगायचंस.