खापरपणजीचा जबाब

चिरंजीव नातीस,


जात पडताळणीसाठी तुझ्या बाबांनी केलेल्या वंशावळीचा फोटो पाठवलास आणि खाली एवढंच विचारलंस, “आत्याआजी, यात माझ्याशिवाय एकही बाई कशी नाही?” उत्तर फोनवर देता आलं असतं. पण ते लांब आहे आणि तुझ्याजवळ कागदावर असावं असं वाटलं.

आधी त्या वंशावळीचं. ती शपथपत्राला जोडायची वंशावळ. आपण कुणबी, इतर मागासवर्गात मोडतो. त्यामुळे १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो आणि जात वडिलांकडून धरली जाते. म्हणून मूळपुरुष, त्याचे मुलगे, मग त्यांचे मुलगे अशी रेघ खाली येते आणि शेवटी तुझं नाव. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, गावोगाव वंशावळी लिहिल्या गेल्या. त्याही अशाच. कचेरीच्या कामापुरत्या त्या बरोबर आहेत. पण त्यांनाच घराण्याचा इतिहास मानलं तर काय होईल, ते बघ. याच नियमानं पुढच्या पिढीच्या वंशावळीत तूही नसशील.

आता जिच्याबद्दल तू खरं विचारते आहेस ती माझी आजी, तुझी खापरपणजी. मी तिच्याच हाताखाली वाढले. आपल्या घरात गणपतीला माणसं जमली की तिची एक गोष्ट निघतेच. खळ्यावर भाताची रास पडलेली, खोताचा कारकून खंड मोजून न्यायला आलेला, त्यानं माप चेपून भरायला सुरुवात केली आणि आजीनं कोयता उगारला. तो पळत सुटला, त्याची टोपी खळ्यातच राहिली. दरवर्षी या गोष्टीत थोडी भर पडते. गेल्या वेळी तुझ्या काकानं कारकुनाचे दोन कारकून केले.

मला ही गोष्ट आवडते. तक्रार एवढीच की आजीचं आयुष्य त्या एका कोयत्यावर येऊन थांबलं आहे. सगळे हसतात, ‘खमकी होती हो’ म्हणतात आणि मोदकांकडे वळतात. ती खमकी का झाली, कुठे झाली, त्या खमकेपणानं घराला काय मिळालं, हे कोणी विचारत नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ते शोधायला लागले.

बाईचा माग काढणं पुरुषापेक्षा कठीण असतं. जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये असतात; त्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. नोंद बारशाआधीच व्हायची, म्हणून तिथे बापाचं नाव आणि पुढे नुसतं ‘मुलगी’ एवढंच सापडतं. शाळेच्या जनरल रजिस्टरात ती नाही, कारण ती शाळेतच गेली नाही. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं गेलं की पहिलं नाव माहेरच्यांच्या तोंडी राहतं आणि ती माणसं गेली की संपतं. आजीचं माहेरचं नाव मला मिळालं ते तिच्या भावाच्या सुनेकडून. ती बाई नव्वदीला आली होती. आजी माहेरपणाला येऊन जात्यावर बसायची, तेव्हा ओव्यांमध्ये आपल्या भावाचं, गावच्या देवीचं नाव गुंफायची, हे तिला आठवत होतं. बायकांनी आपलं कूळ असं दगडावर दळता दळता सांगून ठेवलं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या चाळशील तेव्हा लक्षात येईल की त्यांत माहेरची गावं आणि माणसं किती ठासून भरली आहेत.

सालांचंही तसंच. आपल्या बायकांना साल विचारू नये, घटना विचारावी. आजीचं लग्न कधी झालं? ‘मानमोडीच्या आधीच्या वर्षी.’ मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, म्हणजे लग्न १९१७ चं. ती वारली कधी? कोयनेच्या भूकंपानंतरच्या शिमग्याला. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, म्हणजे ती १९६८ च्या मार्चमध्ये गेली. मृत्यूची नोंद काढली, महिना जुळला.

पण तिचा स्वतःचा शब्द? अंगठाबहाद्दर बाईचा शब्द कुठे मिळणार? तो मिळाला तालुक्याच्या अभिलेख कक्षात, कूळकायद्याच्या प्रकरणात.

हे जरा सविस्तर सांगते, कारण आपलं घर यावरच उभं आहे. आपण खोताची कुळं. जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसायची आणि खंड द्यायचा. १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला. त्याच्या आदल्या वर्षी, १९४८ ला, कूळकायदा आला होता. त्यात पुढे दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी जमीन प्रत्यक्ष कसणारं कूळ कायद्यानं तिचं मालक मानलं गेलं. पण नुसतं मानून भागत नव्हतं. कलम ३२ ग खाली कुळाला नोटीस यायची, शेतजमीन न्यायाधिकरणापुढे जाऊन ‘मी ही जमीन विकत घ्यायला तयार आहे’ असं सांगावं लागायचं, मग किंमत ठरायची आणि ती हप्त्यांनीही भरता यायची. कूळ हजरच राहिलं नाही किंवा ‘मला नको’ म्हणालं, तर खरेदी निष्फळ ठरायची.

आता त्या काळचं कोकण आठव. कर्ते पुरुष मुंबईत, गिरणीत. नोटीस गावी यायची. रजा मिळायची नाही, मिळाली तरी भाड्याला पैसे नसायचे. खोताचा माणूस गोड बोलून सांगायचा, कशाला खेपा घालतेस, आपलंच आहे सगळं, राहा सुखानं. या गोड बोलण्यात किती घरांची जमीन गेली, ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचार.

आमच्याकडे नोटीस आली तेव्हा माझे वडील, म्हणजे तुझे पणजोबा, लालबागला होते आणि आजोबा क्षयानं केव्हाच गेले होते. आजी साठीला टेकलेली. ती चालत तालुक्याला गेली. तारीख पुढे ढकलली, तेव्हा पुन्हा गेली. तिच्या जबाबाची नक्कल मी काढली आहे, सोबत झेरॉक्स पाठवते. जेमतेम आठ-दहा ओळी. नाव, वय सुमारे साठ, धंदा शेती. पुढचा मजकूर असा: नवरा मयत, मुलगा मुंबईस चाकरीला, जमीन मी स्वतः कसते, खंड दरसाल दिला आहे, पावत्या कधी मिळाल्या नाहीत, जमीन विकत घ्यायला मी तयार आहे. खाली ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’. शाई जरा पसरली आहे.

पावत्या मिळाल्या नाहीत, हे वाक्य पुन्हा वाच. खोताचा कारभारी समोर बसलेला असताना ती हे सांगते आहे आणि सरकारी कारकून ते लिहून घेतो आहे. कोयत्याची गोष्ट खरी असेलही. जमीन मात्र या वाक्यानं राहिली. तुझ्या बाबांच्या सातबाऱ्यावर आज जे नाव आहे त्याची पहिली पायरी हा अंगठा आहे, आणि त्या अंगठ्याची धनीण तुमच्या वंशावळीत नाही.

एवढं धैर्य तिला आलं कुठून? याचाही माग थोडा लागतो. लग्नानंतर काही वर्षांनी ती आजोबांबरोबर मुंबईला गेली. लालबागला गावकऱ्यांची खोली होती. पाळीपाळीनं झोपणारे, गिरणीत राबणारे पंधरा-वीस गडी. आजी त्यांची खानावळ चालवायची. हिशेब भिंतीवर कोळशाच्या रेघांनी. संपात उधारी थांबवली नाही, असं वडील सांगायचे. १९२८ चा गिरणी संप सहा महिने चालला होता. आपल्या तव्यावर संप टिकतो, हे तिनं तेव्हा पाहिलं असणार.

त्याच काळात खोतीविरुद्धची हवा तयार झाली. अलिबागकडे चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ पासून सहाएक वर्षं जमिनी पडीक ठेवून संप केला. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या हजारो कुळांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. आजोबा तेव्हा हयात होते, खानावळ चालू होती. त्या खोलीत याची चर्चा झाली नसेल असं होणं नाही. पण आजी मोर्चात होती असा कागद नाही आणि तसं सांगणारं माणूसही नाही. तेव्हा ती मोर्चात होती असं आपण लिहायचं नाही. ‘त्या काळात ती लालबागला होती’ इथे थांबायचं. घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्यानं हा संयम पाळला नाही, तर त्याचं पुराण होतं.

आणि पुराण नको असेल तर दुसरी बाजूही लिहावी लागेल. आजी सुनांशी कठोर होती. माझ्या आईनं तिच्या हाताखाली पुष्कळ सोसलं. त्याहून मोठी गोष्ट फेरफारांच्या नोंदवहीत आहे. आजी वारल्यावर वारसनोंद झाली, त्यात मुलग्यांबरोबर तिच्या लेकीचं, माझ्या आत्याचं नाव लागलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यामुळे ते लागणारच होतं. लगेच पुढचा फेरफार पाहा: आत्यानं हक्क सोडला. ‘जमीन पोरांची, तू माहेर राख’, असं आजीनंच तिला बजावून ठेवलं होतं. खोतापुढे न वाकलेल्या बाईनं स्वतःच्या लेकीला मात्र सोडवलं नाही. आत्या याबद्दल वाईट बोलली नाही, पण गणपतीतल्या कोयत्याच्या गोष्टीला ती कधी हसलीही नाही. तू हे गाळू नकोस. आजीचा मोठेपणा यानं कमी होत नाही, तिचा काळ कळतो.

आता तुला काय करायचं ते सांगते. कागद कुठे जात नाहीत. महसूल खात्यानं जुने अभिलेख स्कॅन केले आहेत, काही जिल्ह्यांचे संकेतस्थळावरही मिळतात. उरलेल्यांसाठी तहसीलला नकलेचा अर्ज दे. फेरफार वाचताना एकच नोंद पाहून थांबू नकोस, तिच्यात दिलेल्या आधीच्या फेरफाराचा नंबर धरून मागे मागे जा. मोडीत अडलीस तर राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, तिथे नाव घाल. तुझं वय शिकायचं आहे.

माणसं मात्र थांबत नाहीत. म्हणून आधी माणसांकडे जा. तुझी आजी, माझी वहिनी, ऐंशीच्या पुढे आहे. तिला तिच्या सासूबद्दल आणि आजेसासूबद्दल विचार, पण त्याआधी तिच्या स्वतःबद्दल विचार. माहेर कुठलं, तिथलं नाव काय, आईचं माहेर कुठलं, लग्नात देवक कोणतं होतं, मुंबईत पहिली खोली कोणत्या चाळीत. फोन चालू ठेवून रेकॉर्ड कर आणि मध्ये बोलू नकोस. तिला वाटेल, माझं काय सांगायचं! तेव्हा गप्प बसून राहा, ती सांगेल.

मग वंशावळ नव्यानं काढ. दाखल्याची आहे ती फाइलमध्ये राहू दे. आपल्या वंशावळीत प्रत्येक बाईचं माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं, माहेरचं गाव आणि तिनं केलेलं काम लिही. खापरपणजीपुढे ‘शेतकरी, खानावळवाली’ असं लिही. गृहिणी लिहू नकोस, कारण जबाबात तिनं स्वतःचा धंदा शेती सांगितला आहे. लग्न होऊन गेलेल्या लेकींच्या रेघाही पुढे ने. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यानं आईचं नाव सक्तीचं केलं आहे. सरकारला जे सुचलं ते आपल्या घराला सुचायला हरकत नाही.

आणि एक शेवटचं. तुझ्या बाबांनी जमिनीच्या वाटणीचं काढलं आहे, असं कानावर आलं. हक्कसोडीचा कागद तुझ्यापुढे आला तर सही करण्याआधी खापरपणजीचा जबाब एकदा वाच. मग सही करायची की नाही, ते तुझं तू ठरव.

तुझी,
आत्याआजी