पात्र, अपात्र आणि स्पंज

नोव्हेंबर 2020 मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरून प्रवाळांच्या 18 वसाहती उचलून दुसरीकडे नेण्यात आल्या. त्या जागेवर कोस्टल रोडचा भराव पडणार होता. काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केलं आणि त्याआधी रीतसर परवानगी घ्यावी लागली, कारण प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला.

मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी गेलात तर प्रवाळाच्या आसपास आणखीही बरंच काही दिसतं. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'वाले 2017 पासून लोकांना घेऊन असे फेरफटके मारतात. दगडाच्या खालच्या अंगाला केशरी, पिवळट, राखाडी थर असतात. कुणीतरी रंगाचा डबा सांडल्यासारखे. नीट बघितलं तर त्यावर बारीक भोकं असतात. हे स्पंज. दहावीच्या पुस्तकातला 'रंध्रीय प्राणी संघ', जो आपण दोन मार्कांसाठी पाठ केला आणि सोडून दिला.

आता प्रश्न असा, की त्या खडकावरच्या स्पंजाचं कायद्यात काय? 2020 साली लागू असलेल्या कायद्यात स्पंज होते. 2001 मध्ये ते तिसऱ्या अनुसूचीत घातले गेले होते. पण सगळे नाहीत. फक्त 'कॅल्केरिया', म्हणजे चुन्याचा सांगाडा असलेले.

ही मेख समजून घ्यायला थोडं वर्गीकरण बघावं लागेल. जगात स्पंजाच्या नऊ हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांचे चार वर्ग. चुन्याचे काटे असलेले कॅल्केरिया. काचेसारख्या, सहा टोकांच्या सिलिकाच्या काट्यांचे हेक्झॅक्टिनेलिडा, जे बहुतेक खोल समुद्रात राहतात. सिलिकाचे काटे किंवा स्पॉन्जिन नावाचे लवचिक तंतू, किंवा दोन्ही असलेले डेमोस्पंज. शंभरातले ऐंशीहून जास्त स्पंज हेच. चौथा होमोस्क्लेरोमॉर्फा, लहानसा गट. तो 2012 पर्यंत डेमोस्पंजांच्याच घरात राहत होता, मग जनुकं आणि पेशींची रचना बघून त्याला वेगळी खोली मिळाली. कॅल्केरिया सगळ्यांच्या तुलनेत दहा टक्केसुद्धा नाहीत.

आणि हे ओळखायचं कसं? रंगावरून नाही. आकारावरून तर मुळीच नाही, कारण एकच जात शांत पाण्यात फांद्या काढते आणि लाटांच्या माऱ्यात चपटी होऊन दगडाला चिकटते. स्पंजाचा तुकडा कापायचा, रसायनात टाकून त्याचं मांस विरघळवायचं, मागे उरलेले स्पिक्यूल म्हणजे सूक्ष्म काटे मायक्रोस्कोपखाली बघायचे. काटे चुन्याचे असतील तर अ‍ॅसिड टाकल्यावर बुडबुडे येतात आणि ते विरघळून जातात. म्हणजे हा प्राणी कायद्याने संरक्षित आहे का, याचा खात्रीचा पुरावा पुरावा देता देताच नाहीसा होतो.

नायगावात राहणाऱ्या माणसाला हे वाचून हसू येतं, पण आश्चर्य वाटत नाही. बीडीडी चाळींचा पुनर्विकास निघाल्यापासून 'पात्र' आणि 'अपात्र' हे शब्द आमच्याकडे चहाच्या कपाबरोबर येतात. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 च्या दशकात बांधलेल्या या चाळी. नायगावात 42. तळमजला आणि वर तीन मजले, मधून लांब पॅसेज, 160 चौरस फुटांची खोली, संडास सामायिक. बदल्यात 500 चौरस फुटांचं घर. पण त्याआधी कागद. कोणत्या सालची पावती, कुणाच्या नावावर, नाव बदलून घेतलं का. त्या खोलीत जन्मलेला माणूस अपात्र ठरू शकतो, आणि वीस वर्षांत एक रात्रही तिथे न झोपलेला पात्र.

अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, की माणसांना लेबलं लावणंच चुकीचं आहे, सगळे जीव सारखे. मला हे बोलणं फार सोपं वाटतं. यादी नसती तर त्या 18 वसाहतींवर डंपर रिकामे झाले असते. यादी नसती तर बीडीडीत कुणाला काहीच मिळालं नसतं, किंवा ज्याचा आवाज मोठा त्याला सगळं मिळालं असतं. ज्याला नाव नाही त्याच्यासाठी कोर्टात उभंही राहता येत नाही. तेव्हा वर्गीकरण नको, असं मी म्हणणार नाही. माझा प्रश्न त्याच्या एक पायरी आधीचा आहे.

कोणतीही यादी करताना 'कोण आत, कोण बाहेर' हे ठरण्याआधी आणखी एक गोष्ट ठरून जाते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. 'एक' म्हणजे काय? चाळीच्या यादीत एक म्हणजे एक खोली. त्या खोलीत म्हातारी एकटी असो की दोन भावांचे संसार माळ्यासकट कोंबलेले असोत, घर एकच. आमच्याच मजल्यावर अशी खोली आहे. पडद्याच्या अलीकडे थोरला, पलीकडे धाकटा. वीजबिल एक, गॅस दोन, रेशनकार्डं दोन. ते एक कुटुंब की दोन, हे त्यांना विचारलं तर दिवसानुसार वेगळं उत्तर मिळतं.

स्पंजाबाबत हा प्रश्न नुसता कोड्याचा राहत नाही, खरोखरच अवघड होतो. 1907 मध्ये एच. व्ही. विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला. आपण चक्का फडक्यातून घोटून काढतो ना, तसा. पाण्यात सुट्या पेशींचा गढूळ थर साचला. पेशी सरपटत एकमेकींकडे गेल्या, गोळे झाले आणि त्या गोळ्यांतून पुन्हा कामचलाऊ स्पंज तयार झाले. आधी होता तो एक प्राणी मेला का? मेला असेल तर हे कोण? आणि एकाचे पाच झाले असतील, तर कायद्याने मोजायचे किती?

आपल्याकडे या प्रश्नावर फार पूर्वी विचार झालाय. जैन तत्त्वज्ञानात जीवांची वर्गवारी इंद्रियांच्या संख्येवरून केली आहे: स्पर्श एवढंच इंद्रिय असलेला एकेंद्रिय, मग द्वींद्रिय, असं वर वर. पण त्यातही वनस्पतींचे दोन भाग पाडले आहेत, 'प्रत्येक' आणि 'साधारण'. 'प्रत्येक' म्हणजे एका शरीरात एक जीव. 'साधारण' म्हणजे एकाच शरीरात अनंत जीव, ज्यांचं खाणं आणि श्वास सामायिक. जैन घरांत बटाटा टाळतात तो या हिशोबाने. हे जीवशास्त्र नव्हे, मान्य. पण ज्यांनी हे मांडलं त्यांना 'एक शरीर म्हणजे एक जीव' हे गृहीत धरायचं नव्हतं. आपल्या कायद्याला ते गृहीत धरावं लागतं, नाहीतर पंचनामाच करता येणार नाही.

पाश्चात्त्य नीतिशास्त्रातली आजची चलनी कसोटी वेगळी: वेदना होते का? पीटर सिंगरने 1975 च्या 'अ‍ॅनिमल लिबरेशन'मध्ये रेघ साधारण कोळंबी आणि कालव यांच्यामध्ये कुठेतरी ओढली होती. स्पंज त्या रेघेच्या फारच पलीकडे. त्याला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, तोंड नाही. पाणी आत येतं, कॉलर पेशी त्यातले जिवाणू गाळून घेतात, पाणी बाहेर जातं. दिवसभरात स्वतःच्या आकाराच्या हजारो पट पाणी. तो ओरडत नाही, पळत नाही. त्याला दुखत असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. मग त्याच्यावर सिमेंट ओतलं तर काय बिघडलं?

इथे लगेच उपयोगाचा मुद्दा पुढे येतो, आणि तो जोरदार आहे. 1950 च्या सुमारास वर्नर बर्गमन यांना कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात वेगळ्याच धाटणीचे न्यूक्लिओसाइड सापडले. त्यांच्या धर्तीवर बनलेलं औषध सायटाराबीन, रक्ताच्या कर्करोगावरचं आजही महत्त्वाचं औषध. नायगावातून परळच्या टाटा हॉस्पिटलपर्यंत चालत जाता येतं. तिथल्या फुटपाथवर मुलाची फाइल छातीशी धरून बसलेल्या आईवडिलांना स्पंजाचे चार वर्ग सांगायची गरज नाही. तो स्पंज डेमोस्पंज होता, हे मात्र इथे नोंदवतो. चुन्याचा नव्हे.

तरीही हा मुद्दा मला पुरत नाही. उपयोगाची यादीही शेवटी पात्र-अपात्रच करते. ज्यात औषध सापडलं तो वाचला, उरलेल्यांनी रांगेत थांबावं. आणि रांगेत थांबायला जागा तरी हवी.

जागेवरून कार्टर आठवतो. हेन्री जॉन कार्टर हा कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यातला डॉक्टर. 1840 च्या दशकात तो मुंबई बेटावरच्या तलावांतले गोड्या पाण्यातले स्पंज गोळा करत होता. तेव्हा स्पंज प्राणी की वनस्पती, हा वाद पुरता मिटलेला नव्हता. रॉबर्ट ग्रँटने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर त्यांच्या भोकांतून बाहेर पडणारे प्रवाह 1820 च्या दशकात बघितले होते आणि प्राणी म्हणून 'पोरिफेरा' हे नाव रूढ होत होतं. कार्टरने 1849 मध्ये मुंबईच्या तलावांतल्या जातींचं वर्णन छापलं. त्यातली 'स्पॉन्जिला अल्बा' आजही त्याच नावाने ओळखली जाते. 'कार्टेरी' नावाची एक जात पुढे त्याच्या सन्मानार्थ झाली, तीही मुंबईचीच. 1862 मध्ये तो इंग्लंडला परतला आणि म्हातारपण समुद्री स्पंजांचं वर्गीकरण करण्यात घालवलं.

आणि ते तलाव? धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, खारा तलाव. बसच्या पाट्यांवर आहेत. तलाव बुजवले, बहुतेक डासांच्या आणि रोगराईच्या भीतीने, आणि ती भीती खोटी नव्हती. त्या पाण्यातल्या स्पंजाचं नाव लंडनच्या कपाटात व्यवस्थित लिहिलेलं राहिलं. यादीत नाव असणं आणि राहायला पाणी असणं यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता.

म्हणून मला वाटतं, स्पंजाला दुखतं का आणि स्पंज कामाचा आहे का, हे दोन्ही प्रश्न चुकीच्या दारावर टकटक करतात. दोन्ही एकेका प्राण्याला टेबलावर आणून त्याची पात्रता तपासतात. स्पंज टेबलावर येतच नाही. त्याच्या भोकांत खेकड्याची पिल्लं, किडे, शेवाळ, जिवाणू राहतात. तो ज्या दगडावर आहे त्यावर प्रवाळ आहे, आणि दगडाखालचं पाणी सगळ्यांचं. यातला प्रवाळ तेवढा काढून दुसरीकडे नेला, तर आपण एक जीव वाचवला आणि एक मजला पाडला. चाळीतल्या लोकांना हे समजवावं लागत नाही. पात्रता यादीत खोली असते, पॅसेज नसतो. पण ज्या बाईला रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यायचं होतं, तिला खोलीने नेलं नाही. पॅसेजने नेलं.

याचा अर्थ जुनं सगळं जपा असा नाही. ओलीने पोपडे निघालेल्या भिंतींत रोमँटिक काही नसतं, सामायिक संडासात तर नाहीच. माझा एक मित्र रोज कोस्टल रोडने वरळीहून मरीन लाइन्सला जातो. तो म्हणाला, "खडक जपायचा म्हणजे रस्ता न्यायचा कुठून?" प्रश्न रास्त आहे. कधीकधी रस्ता तिथूनच न्यावा लागेल, आणि स्पंजाला न दुखता स्पंज मरेल. पण मग परवानगी खडकाची घ्यायला हवी. 18 वसाहती हलवल्या, फाइल बंद, असं न करता त्या दगडावर जे जे होतं ते सगळं आधी लिहून काढायला हवं: चुन्याचं, सिलिकाचं, नाव असलेलं, नसलेलं, हलवता येणारं आणि न येणारं. भरावाच्या ठेक्यात तेवढे दिवस आणि तेवढे पैसे धरायला हवेत. मित्राचं म्हणणं, लिहून काय होणार, मरायचं ते मरणारच. मी त्याला विचारलं, तुमच्या जुन्या चाळीत पाडण्याआधी कोण कोण राहत होतं, सांग. त्याने पहिल्या मजल्यापासून सुरुवात केली. भाडेकरूंची नावं सांगून झाल्यावर तो जिन्याखाली झोपणाऱ्या इस्त्रीवाल्यापाशी आला, आणि त्याचं नाव आठवेना म्हणून बराच वेळ गप्प बसून राहिला.