तहाचे आयुष्य

तीस वर्षांच्या युद्धाने जर्मनीचा मुलूख उजाड झाल्यावर १६४८ साली म्युन्स्टर आणि ओस्नाब्रुक या नगरांत जे तहनामे झाले, त्यांच्या आरंभीच्याच कलमांत, युद्धकाळातील एकमेकांचे अपराध उभय पक्षांनी कायमचे विसरावेत, अशी तजवीज केलेली आढळते. दोषाचा निवाडा करू गेल्यास तह कधीच व्हावयाचा नाही, हे त्या थकलेल्या वकिलांनी ओळखले होते; म्हणूनच चर्चच्या मिळकतींच्या तंट्यातही धर्म कोणाचा खरा हा वाद बाजूला सारून त्यांनी १६२४ हे साल प्रमाण मानले आणि त्या सालचा कबजा ग्राह्य धरला. तह कशाने टिकतो, या प्रश्नाला युरोपने दिलेले हे पहिले मोठे उत्तर.

१७१३ च्या उट्रेख्ट येथील तहांनी दुसरे उत्तर दिले. फ्रान्स आणि स्पेन यांचे मुकुट एका मस्तकी येऊ नयेत, सत्तांचा समतोल राहावा, हे तत्त्व तेथे उघडपणे नमूद झाले. परंतु समतोल हा अखेर परस्परांच्या भीतीचा हिशेब. भीती सरहद्दीवर पहारा ठेवते, वैर मिटवीत नाही, आणि त्या शतकात लढाया होतच राहिल्या.

नेपोलियनच्या पाडावानंतर मात्र विचाराने एक पाऊल पुढे टाकले. वॉटर्लूनंतर फ्रान्सवर सत्तर कोटी फ्रँकांची खंडणी बसली, दीड लाखांपर्यंत परकी फौज त्याच्या भूमीवर ठेवण्याचे ठरले. तथापि खंडणीची व्यवस्था लागताच १८१८ मध्ये ती फौज परत गेली आणि ज्या राष्ट्राने युरोप पायदळी तुडविला होता, तेच युरोपच्या मसलतीत बरोबरीने बसू लागले. कॅसलरे आणि मेटर्निख यांच्या या दूरदृष्टीमुळे सर्व बड्या सत्तांना एकाच वेळी ओढणारे युद्ध जवळजवळ शंभर वर्षे टळले. पण त्याची किंमत पोलंड आणि इटली यांनी मोजली. त्यांची राष्ट्रीयता त्या मसलतीच्या हिशेबात नव्हती.

व्हर्सायला १९१९ साली ही शिकवण विसरली गेली. जर्मन प्रतिनिधींपुढे तयार मसुदा ठेवून केवळ लेखी म्हणणे मांडण्याची मुभा त्यांना देण्यात आली. २३१ व्या कलमाने युद्धहानीची जबाबदारी जर्मनी व त्याच्या मित्रांवर टाकली आणि १९२१ मध्ये भरपाईचा आकडा १३,२०० कोटी सुवर्ण मार्क ठरला. तहाची अंमलबजावणी करण्याइतके ऐक्यही जेत्यांत उरले नाही, कारण अमेरिकेच्या सिनेटने तह मान्यच केला नाही. आत्मनिर्णयाचा घोष झाला खरा, पण लोकमान्य टिळकांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांजकडे हिंदुस्थानच्या वतीने केलेल्या अर्जाची दाद लागली नाही.

म्हणून केवळ कठोरपणाला दोष देणे वरवरचे ठरेल, कारण १९४५ नंतर जर्मनीवर आलेला प्रसंग व्हर्सायहून अधिक कठोर होता: देशाची फाळणी झाली, पूर्वेकडील मुलूख गेला, लक्षावधी जर्मन निर्वासित झाले, आणि अंतिम तहनामा १९९० पर्यंत झालाच नाही. तरीही पश्चिमेत शांतता रुजली. मार्शल योजनेची मदत जित राष्ट्रालाही मिळाली, १९५१ च्या करारान्वये फ्रान्स-जर्मनीचा कोळसा व पोलाद एका सामाईक सत्तेखाली आले, आणि १९५३ मध्ये जर्मनीच्या जुन्या कर्जाचा मोठा भार हलका करण्यात आला. पूर्वेत मात्र स्वस्थता रणगाड्यांच्या धाकावर उभी होती. १९८९ मध्ये तो धाक सरताच ती व्यवस्था कोसळली.

या तीन शतकांच्या अनुभवातून माझ्या मनाशी एक निष्कर्ष दृढ झाला आहे. तहाचे आयुष्य त्याच्या अटी सौम्य की कडक यावर अवलंबून नसते. पराभूताला त्या व्यवस्थेच्या रक्षणात स्वतःचा स्वार्थ दिसतो काय, आणि अन्याय्य कलम शस्त्राविना बदलण्याची वाट त्याला मोकळी असते काय, यावर ते ठरते. हाच हक्क ज्यांना परिषदेत आसनही मिळाले नाही अशा लहान लोकसमूहांनाही असला पाहिजे. त्यांना वगळून केलेली शांतता बलवानांना विसावा देते, परंतु तिला न्याय म्हणता येत नाही.